पायांच्या तक्रारी : चिखल्या, भेगा, कुरूप आणि बधिर पाय



गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका काकांच्या उजव्या पायाची करंगळी काढावी लागली. काका सफाई खात्यातून निवृत्त झालेले. करंगळीवर जुने कुरूप होते आणि महिन्यातून एकदोनदा दाढीच्या ब्लेडने ते स्वतःच तासायचे. त्या दिवशी ब्लेड जरा खोल गेले. दुखले नाही, म्हणून त्यांनी चिंधी बांधली आणि विसरून गेले. चारपाच दिवसांनी काकूंना चादरीवर डाग दिसला. मग वास येऊ लागला. काकू मागे लागल्या तरी काकांचे एकच म्हणणे, "दुखत नाही ना? मग दवाखाना कशाला?" शेवटी ताप भरला तेव्हा मुलाने रिक्षात घातले. बोट काळे पडले होते आणि शुगर चारशेच्या वर होती. आपल्याला मधुमेह आहे हे काकांना त्या दिवशी कळले.

बोट गेले, पाय वाचला. पण "दुखत नाही" हे त्यांचे शब्द आमच्या डोक्यातून गेले नाहीत. खरे तर असा खोल काप गेल्यावर कोणत्याही माणसाने ओरडायला हवे. काका ओरडले नाहीत, हीच खरी खूण होती आणि ती घरात कुणालाच वाचता आली नाही. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर आपण पायांच्या नेहमीच्या तक्रारी घेतल्या आहेत. कोणती तक्रार घरी बरी होते, कोणती मेडिकलमधल्या मलमाने, आणि कोणती घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

आपल्या माणसांचे पाय जास्त झिजतात, हे वेगळे सांगायला नको. नाल्यात उतरणारे, कचरा उचलणारे, बिगारी, घरकाम करणाऱ्या बाया, रात्रभर उभे राहणारे वॉचमन, या सगळ्यांचा दिवस पायावरच जातो. आपल्या आजोबा-पणजोबांना तर गावातून जाताना चप्पल पायातून काढून हातात घ्यावी लागायची. आज चप्पल घालायला कुणी अडवत नाही. तरीही घरात सगळ्यांत शेवटी पैसे खर्च होतात ते चपलेवर, आणि तीही पोरांची झाल्यावर.

चिखल्या

पावसाळ्यातली पहिली तक्रार हीच. बोटांच्या बेचक्यात, बहुतेक वेळा करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामध्ये, कातडी पांढरी पडते, भिजल्यासारखी फुगते, सोलते. खाज येते, आग होते, वास येतो. बाया म्हणतात पाणी लागले, पाय खाल्ले. पाण्याने कातडी मऊ पडते हे खरे, पण पुढचे काम बुरशीचे असते. गजकर्ण जिच्यामुळे होते त्याच जातीची ही बुरशी. तिला ओल, ऊब आणि अंधार लागतो. दिवसभर गमबुटात किंवा ओल्या मोज्यांत राहिलेल्या पायात तिला हे तिन्ही आयते मिळते.

उपचार साधा आहे, पण तो अर्धवट सोडल्यामुळे चिखल्या पुन्हापुन्हा येतात. कामावरून आल्यावर पाय साबणाने धुवायचे आणि प्रत्येक बेचके कोरड्या फडक्याने टिपायचे. बहुतेक जण पाय धुतात, पण पुसत नाहीत. मोरीतून उठून ओल्या पायांनीच फिरतात. पायाचे फडके वेगळे ठेवा, त्याने तोंड-अंग पुसू नका, आणि ते उन्हात वाळवा. मग क्लोट्रिमाझोल नावाचे एक टक्क्याचे मलम सकाळ-संध्याकाळ बेचक्यात आणि आजूबाजूच्या कातडीला पातळ लावायचे. आठवड्याभरात खाज थांबते आणि इथेच सगळे चुकतात, ट्यूब बाजूला पडते. खाज गेली तरी कातडीत बुरशी शिल्लक असते. म्हणून चांगले दिसू लागल्यावरही आणखी दोन आठवडे मलम चालू ठेवा. एकूण महिनाभर धरून चाला. टर्बिनाफिनचे मलमही चालते, त्याला दिवस कमी लागतात. महिन्याने फरक नसेल तर डॉक्टरांना दाखवा, कारण बेचक्यातली प्रत्येक खाज बुरशीची नसते.

आता एक कळकळीची सूचना. मेडिकलवाल्याला "खाजेचे मलम द्या" म्हटले की तो अनेकदा तीन-चार औषधे एकत्र असलेली ट्यूब काढून देतो. त्यात बुरशीचे औषध असते, जंतूंचे असते आणि सोबत स्टिरॉइडही असते. स्टिरॉइडमुळे दोन दिवसांत खाज पळते, माणूस खूश होतो. पण आतली बुरशी मरत नाही, ती पसरते. पाय झाला, मग जांघ झाली, मग पोट. कातडी पातळ होते आणि नंतर साधे मलम लवकर लागू पडत नाही. वस्तीत एका घरातल्या पाच जणांना गजकर्ण झालेले आम्ही पाहिले आहे, आणि पाचही जण एकच असली ट्यूब वापरत होते. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन हे नाव असेल तर ती परत करा. अशी स्टिरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ मध्येच केला आहे. दुकानात तो किती पाळला जातो, हे तुम्हीही पाहता.

मेंदी लावल्याने बेचके कोरडे पडते, म्हणून आज्या मेंदी लावत. साधी पाल्याची मेंदी असेल तर आमची हरकत नाही, पण काळ्या रंगाची तयार मेंदी नको, तिच्यातल्या रसायनाने फोड येतात. चुना, तंबाखू, रॉकेल हे मात्र कधीच नाही. जोडवी घट्ट झाली असतील तर चिखल्या बऱ्या होईपर्यंत काढून ठेवा, त्यांच्याखाली ओल साचते. गमबूट घालणाऱ्यांनी दोन जोड मोजे ठेवावेत. बूट रात्री उलटे करून, आतून पुसून वाऱ्याला ठेवावेत. ठेकेदार एकच बूट देतो आणि तोही फाटका, ही तक्रार रास्त आहे. चांगले बूट देणे हे काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे, ते युनियनमार्फत मागितलेच पाहिजेत.

भेगा

टाचेची कातडी मुळातच जाड असते आणि तिथे तेलग्रंथी नसतात. सगळ्या अंगाचा भार तिच्यावर. मागून उघडी चप्पल, कडक फरशी, दिवसभर पाण्यात काम, वाढलेले वजन, हिवाळ्यातली कोरडी हवा, यांनी ती सुकते, मग ताण पडला की फाटते. थायरॉइड किंवा मधुमेह असेल तर आणखी लवकर.

भेगांबद्दल एक जुनी गोष्ट आपल्याच घरातली आहे. विनयपिटकाच्या महावग्गात पिलिंदवच्छ नावाच्या भिक्खूंचे पाय फुटले होते असा उल्लेख आहे, आणि भगवंतांनी पायाला लेप लावण्याची परवानगी दिली. दुसऱ्या एका भिक्खूला कुरूप झाले होते. बाकीचे भिक्खू त्याला धरून शौचाला नेत होते. ते पाहून, ज्याचे पाय दुखतात, फुटले आहेत किंवा ज्याला कुरूप आहे त्याने पायताण वापरावे, अशी मुभा दिली गेली. अडीच हजार वर्षांपूर्वी अनवाणी फिरणाऱ्या संघातही पाय फुटणे हा सोसण्याचा नव्हे तर उपचाराचा विषय मानला गेला. आणि आपल्याकडची सासू आजही सुनेला सांगते, "कामाच्या बाईला भेगा असायच्याच!"

रात्री झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे पाय कोमट पाण्यात ठेवावेत. मऊ पडलेली कातडी वजरीने हलक्या हाताने घासावी. रक्त निघेपर्यंत नाही, एका दिवसात सगळे काढायचे नाही. पाय टिपून लगेच, थोडी ओल असतानाच, व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल चोळावे आणि जुने सुती मोजे घालून झोपावे. कोकणातल्या घरांत कोकमतेलाची वडी असते, ती गरम करून भेगेत भरतात; तो चांगला उपाय आहे. कातडी फारच जाड असेल तर युरिया असलेले मलम मिळते, ते रोज लावले तर दोनतीन आठवड्यांत फरक पडतो. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी मात्र पाय भिजवत बसू नये आणि वजरीही टाळावी, नुसते मलम लावावे.

बिब्बा नको. काट्याला बिब्बा, भेगेला बिब्बा, कुरुपाला बिब्बा, हे अजून चालते. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, त्यात पू होतो. पू होऊन "घाण बाहेर पडली" असे समाधान मानणारेही भेटतात. ती घाण आत नव्हतीच, बिब्ब्याने केली.

भेग खोल जाऊन रक्त येत असेल, भोवती लाल होऊन सूज आली असेल तर दवाखान्यात जा. तळव्याची कातडी खवल्यांसारखी जाड होऊन निघत असेल तर ती भेग नसून सोरायसिस किंवा बुरशी असू शकते, तेही तपासून घ्या. सिमेंटमध्ये काम करणाऱ्यांना वेगळाच त्रास होतो. ओले सिमेंट बुटात गेले तर तासाभरात कळत नाही, पण संध्याकाळी कातडी भाजलेली असते. सिमेंट गेले की तिथल्या तिथे बूट काढा आणि भरपूर पाण्याने पाय धुवा. सुट्टी होईपर्यंत थांबू नका.

कुरूप आणि चामखीळ

जिथे चप्पल-बूट सतत दाबतो किंवा घासतो तिथे कातडी स्वतःला वाचवण्यासाठी जाड होते. मध्ये टणक खिळा तयार होतो, तो आत रुततो आणि खडा टोचल्यासारखे दुखते. त्यालाच कुरूप किंवा भोवरी म्हणतात. "कुरुपाला मूळ असते, ते निघेपर्यंत खणायचे," ही समजूत चुकीची आहे. मूळबीळ काही नसते. दाब गेला नाही तर कितीही कापा, पुन्हा येणार. म्हणजे उपचार आधी चपलेवर करायचा. टोकाला अरुंद बूट सोडायचा, तळ मऊ घ्यायचा, बोटांमध्ये कापूस ठेवायचा. मेडिकलमध्ये कॉर्न कॅप मिळते, ती सॅलिसिलिक अॅसिडने जाड कातडी मऊ करते. पण तिची पट्टी नेमकी कुरुपावर बसली पाहिजे, नाहीतर चांगली कातडी जळते. मधुमेह असलेल्यांनी आणि ज्यांचे पाय बधिर आहेत त्यांनी कॉर्न कॅप अजिबात लावू नये. काकांच्या घरी ब्लेडच्या आधी तीच वापरून झाली होती.

तळपायावर चामखीळही होते आणि ते कुरुपासारखेच दिसते. साधी पारख अशी : कुरुपावर सरळ दाबले की दुखते, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरले की जास्त दुखते, आणि त्यात काळे ठिपके दिसतात. चामखीळ विषाणूमुळे होते, एकाचे दुसऱ्याला लागते. मुलांमध्ये ते बरेचदा आपोआप जाते. त्याला ब्लेड लावले तर ते आणखी पसरते.

नखे

अंगठ्याचे नख मांसात रुतणे ही तरुण पोरांची तक्रार. कारण बहुतेक वेळा नख कापण्याच्या पद्धतीत असते. हाताच्या नखासारखे गोल, कोपऱ्यात खोल कापले की वाढणारे टोक मांसात घुसते. पायाचे नख सरळ आडवे कापा, कोपरे तसेच राहू द्या. नुकतेच रुतू लागले असेल तर कोमट मिठाच्या पाण्यात दिवसातून दोनदा पाय ठेवा, मांस हळूच बाजूला सारा, सैल चप्पल वापरा. पू झाला, मांस वाढून वर आले, तर ते घरी कोरू नका. दवाखान्यात बधिरतेचे इंजेक्शन देऊन नखाची रुतलेली कड काढतात, अर्ध्या तासाचे काम आहे.

नख पिवळे, जाड, भुसभुशीत झाले असेल तर बहुधा बुरशी. त्याला मलम पुरत नाही, गोळ्या तीन-तीन महिने घ्याव्या लागतात आणि त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, कारण यकृतावर लक्ष ठेवावे लागते.

टाच दुखणे

सकाळी उठून पहिले पाऊल टाकले की टाचेत कळ येते, दहा-वीस पावले चालल्यावर कमी होते, फार वेळ बसून उठले की पुन्हा येते. तळपायाला टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पडदा असतो, तो ताणून दुखावलेला असतो. एक्स-रे काढला की "हाड वाढले" असे कळते आणि घरात घबराट होते. तसे वाढलेले हाड टाच न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांतही सापडते, त्याला घाबरू नका.

पोटरी ताणण्याचा व्यायाम सर्वांत उपयोगी. भिंतीला हात टेकून एक पाय मागे घ्या, टाच जमिनीला चिकटलेली ठेवा, पुढे झुका, तीस आकडे मोजा. दोन्ही पायांना तीनतीनदा, दिवसातून दोनदा. फ्रीज असलेल्या शेजारणीकडे प्लास्टिकच्या बाटलीत पाणी गोठवायला ठेवा आणि संध्याकाळी तिच्यावर तळपाय दहा मिनिटे फिरवा. घरात शाहबादी फरशीवर अनवाणी वावरू नका, मऊ तळाची चप्पल आत वापरायला वेगळी ठेवा. बाया याला तयार होत नाहीत, स्वयंपाकघरात चप्पल कशी म्हणून. पाय धुऊन घ्या, चप्पल धुऊन घ्या, आणि घाला. बरे व्हायला महिने लागतात, म्हणून धीर सोडू नका.

अंगठ्याचा सांधा मात्र एका रात्रीत लालबुंद, गरम होऊन चादरीचा स्पर्शही सोसवत नसेल तर तो वातरक्ताचा झटका असतो, युरिक अॅसिडमुळे. त्याला वेगळे औषध लागते.

जो पाय दुखत नाही तो

वर सांगितलेल्या सगळ्या तक्रारी त्रास देतात, पण जिवावर उठत नाहीत. काकांचे वेगळे होते. अनेक वर्षे रक्तात साखर जास्त राहिली की पायांच्या मज्जातंतूंना इजा होते. आधी मुंग्या येतात, रात्री तळवे जळतात, मुंग्या चावल्यासारखे होते. पुढे तेही थांबते आणि माणसाला वाटते, बरे झाले. प्रत्यक्षात पाय बधिर झालेला असतो. मग चपलेतला खिळा कळत नाही, तापलेली फरशी कळत नाही, फोड कळत नाही. त्यात रक्तपुरवठा कमी झाला असेल तर जखम भरत नाही.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि पायांतल्या मज्जातंतूंच्या वेदनांनी त्यांची झोप उडायची, हे चरित्र वाचणाऱ्यांना माहीत आहे. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या, त्यांचे पथ्यपाणी त्या सांभाळत. आपल्या घरात डॉक्टर नसतो. पण एक तपासणी आपल्यालाही जमते, तिला सुईही लागत नाही.

ज्याला मधुमेह आहे त्याला डोळे मिटून आडवे झोपवा. तुमच्या तर्जनीचे टोक त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या टोकाला अगदी हलके, एक-दोन सेकंद टेकवा. दाबू नका, टोचू नका, घासू नका. स्पर्श कळला की त्याने "उजवा" किंवा "डावा" म्हणायचे. अंगठा, मधले बोट, करंगळी, दोन्ही पायांची मिळून सहा बोटे. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही तर पायाची संवेदना कमी झाली आहे असे समजा आणि डॉक्टरांना तसे सांगा. पाच मिनिटांचे काम. आम्ही हे विहारात रविवारच्या वंदनेनंतर करून पाहिले. आपल्याला सगळे कळते असे छातीठोकपणे सांगणाऱ्या एका बाबांना एकही स्पर्श कळला नाही. ते हसत होते, त्यांच्या सूनबाई मात्र रडायला लागल्या.

पाय बधिर असेल तर रोज रात्री तो बघायचा. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून बघा, किंवा घरातल्या शाळकरी पोराला बघायला सांगा. पोरांची नजर चांगली असते आणि ती लपवत नाहीत. फोड, लाली, चीर, काळा डाग, बेचक्यातली ओल, काहीही नवे दिसले की बोला. पाणी किती गरम ते पायाने नाही, हाताच्या कोपराने पाहा. पाय शेकोटीजवळ नेऊ नका, गरम पाण्याची पिशवी लावू नका. नखे दुसऱ्याने कापावीत. घालण्यापूर्वी चपलेत-बुटात हात घालून बघा. अनवाणी चालणे बंद, घरातही.

विहारात चपला बाहेर काढाव्या लागतात. १४ एप्रिल आणि बुद्ध पौर्णिमा दोन्ही भर उन्हाळ्यात येतात. दुपारी बाहेरच्या फरशीला हात लावून पाहा, किती तापलेली असते. बधिर पायाचा माणूस तिच्यावर पाच मिनिटे उभा राहतो आणि संध्याकाळी तळव्याची कातडी सुटते. विहार समित्यांना आमची विनंती आहे की दरवाजापर्यंत सुतळीची चटई टाकावी आणि ज्येष्ठांना मोजे घालून आत येऊ द्यावे.

चप्पल घेताना बधिर पायाला घट्टपणा कळत नाही, म्हणून कागदावर उभे राहून पायाचा आकार पेन्सिलीने काढा आणि कागद कापून चपलेत ठेवा. कागद कडेला दुमडला तर चप्पल लहान आहे. पाय संध्याकाळी थोडे सुजतात, म्हणून खरेदी संध्याकाळी. अंगठ्याची चप्पल नको. पुढे रुंद, मागे पट्टा, तळ मऊ. मागचा पट्टा चर्मकार बांधव शिवून देतात.

बधिरतेचे दुसरे कारण कुष्ठरोग. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, तिथे स्पर्श कळत नाही, हातपाय सुन्न, तळव्याला न दुखणारी जखम, असे असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा. औषध मोफत असते, सहा महिने ते वर्षभर घ्यायचे, रोग पूर्ण बरा होतो. बधिर पायांसाठी एमसीआरची मऊ चप्पलही तिथून मिळते. लपवल्याने फक्त बोटे जातात.

आणि बिडी-सिगारेट. ती ओढणाऱ्या तरुण पुरुषांत मधुमेह नसतानाही पायाच्या रक्तवाहिन्या बंद होऊन बोटे काळी पडतात. थोडे चालले की पोटरी वळते आणि थांबले की बरे वाटते, ही तिची आधीची खूण. तिथे औषधापेक्षा आधी बिडी सुटावी लागते.

साचलेल्या पाण्यातून चालल्यावर

वस्तीत गुडघाभर पाणी शिरते तेव्हा त्यात उंदरांचे मूतही असते. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू चिखल्या, भेगा, खरचटलेली कातडी यांतून आत शिरतात. म्हणजे चिखल्या बऱ्या करणे हे या रोगापासूनही संरक्षण आहे. अशा पाण्यातून गेला असाल तर पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन सांगा. ते डॉक्सिसायक्लिनची गोळी देतात. गरोदर बाया आणि लहान मुले यांना वेगळे औषध असते, म्हणून शेजाऱ्याची गोळी पोराला देऊ नका. नंतर ताप आला तर पाण्यातून चालल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा. पत्रा, काच, खिळा लागला असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या.

दवाखान्यात कधी, आणि काय सांगायचे

मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला कोणतीही जखम, फोड, चीर झाली तर त्याच दिवशी. दुखो वा न दुखो. मधुमेह नसला तरी बोट काळे-निळे पडणे, लाली घोट्याकडे चढणे, दुर्गंधी, थंडी वाजून ताप, पाय अचानक सुजून गरम होणे, यांतले काहीही असेल तर उद्यावर ढकलू नका.

तळव्याची जखम नुसत्या मलमपट्टीने भरत नाही. तिच्यावर भार पडणे थांबावे लागते. डॉक्टर सांगतात, तीन आठवडे चालू नका. हातावर पोट असलेल्याला हे ऐकून हसू येते, आम्हाला ठाऊक आहे. पण काकांसारखे बोट गेले तर तीन आठवड्यांचे तीन महिने होतात. अशा वेळी बचत गटाने, मंडळाने त्या घरचा किराणा पाहावा. तेराव्याला आणि लग्नाला वर्गणी काढणाऱ्या वस्तीला हे जड नाही.

ओपीडीत गर्दी असते, डॉक्टर गोळ्या लिहून पुढचा नंबर घेतात. पाय टेबलाखालीच राहतो. म्हणून आत जाण्याआधीच चपला-मोजे काढून ठेवा, पट्टी सोडायची तयारी ठेवा आणि पहिले वाक्य हेच म्हणा, "डॉक्टर, शुगर आहे, पायाला जखम आहे, एकदा पाय बघा." काकू आता दर महिन्याला काकांना घेऊन जातात तेव्हा असेच म्हणतात. मागच्या वेळी डॉक्टरांनी दुसऱ्या पायाचा अंगठाही पाहिला, तिथे चपलेच्या पट्ट्याखाली छोटासा फोड होता. काकांना तो कळला नव्हता. आठ दिवसांत तो बरा झाला.